निकामी बंदुकीलाही कागद हवा

जुन्या वाड्याचे सामान विक्रीस निघते तेव्हा झुंबरे, भांडी यांच्याबरोबर एखादी ठासणीची बंदूकही येते. विकणारा म्हणतो, "निकामी आहे, शोभेची आहे, परवाना कशाला?" मुंबईच्या चोरबाजारात आणि गावोगावी जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या बांधवांनी या बोलावर विसंबू नये.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात सवलत आहे, हे खरे. कलम ४५ प्रमाणे कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके शस्त्र दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तर त्याला हा कायदा लागत नाही. सारी गोम 'दुरुस्त करून' या शब्दांत आहे. घोडा मोडला, नळी गंजली, एवढ्याने भागत नाही. कारागिराच्या हातून ती चालू होणार असेल, तर ती बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास २ ते ५ वर्षे कैदेची तरतूद आहे.

मग निकामी कोणती, हे ठरवायचे कोणी? व्यापाऱ्याने की हवालदाराने? आमची मागणी साधी आहे. शासनाने तपासणी करून ठरल्या मुदतीत, माफक शुल्कात लेखी दाखला द्यावा. कापडाच्या गाठीबरोबर बिल जाते, तसा वस्तूबरोबर हा कागद जावा.

तोवर सौद्याआधी परवाना अधिकाऱ्यास लेखी विचारावे. मुंबईत पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. शोभेच्या वस्तूपायी अब्रू गहाण टाकण्यात कसला नफा?