आठवड्यांची रजा, तासांची तपासणी

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली यांस,

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम राहिली, याचे मोल निर्विवाद आहे. मात्र ही रजा सलग असते आणि तपासण्या सलग येत नाहीत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडेच रजा घेता येत असल्याने पहिल्या सात महिन्यांतील रक्ततपासण्या व सोनोग्राफी कामाच्या दिवसांतच उरकाव्या लागतात. पुढे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस येते, तोवर आई कामावर रुजू झालेली असते.

गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी कायदा आणखी एक महिन्यापर्यंत रजा देतो, पण तिला आजाराचा पुरावा लागतो. परिणामी आजारी पडणारीला रजा मिळते आणि आजार टळावा म्हणून केसपेपर काढून रांगेत उभी राहणारीची किरकोळ रजा खर्ची पडते, किंवा ती रोजंदारीवर असल्यास तिचा रोज बुडतो, असा उफराटा न्याय होतो.

वडिलांच्या वाट्याला तर तेवढेही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातील वडिलांना केंद्रीय कायद्याने काहीच दिलेले नाही. ही उणीव सर्वाधिक भोवते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विकृत वाढ होऊ शकते (वैद्यकीय परिभाषेत ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’), आणि तिची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत होऊन ती रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते, कारण उपचाराची संधी थोड्या दिवसांचीच असते आणि ती हुकल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. नेमक्या त्याच काळात आई ओली बाळंतीण असते. बाळाला घेऊन जिल्ह्याच्या गावी नेत्रतज्ज्ञाकडे वारंवार जाणे बहुधा वडिलांनाच भाग असते, आणि दर खेपेला त्यांना साहेबांची मर्जी सांभाळावी लागते.

रजा तासांत मोजणे कायद्याला अपरिचित नाही: मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्या तो देतोच. ब्रिटनमध्ये गरोदर कर्मचारी स्त्रीला प्रसूतिपूर्व तपासणीसाठी पगारी वेळ मिळतो आणि तिच्या जोडीदारास दोन भेटींसाठी प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत सूट मिळते. ती बिनपगारी आहे, एवढा भाग मंत्रालयाने उचलू नये.

म्हणून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत आई व वडील दोघांनाही तपासणी आणि लसीकरणासाठी तासांच्या हिशेबाने पगारी वेळ मिळावा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील नोंद हाच त्याचा पुरावा मानला जावा. ही सवलत केवळ स्त्रियांना दिली तर त्यांना नोकरीवर घेण्यास मालक आणखी कचरतील. प्रसूती लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची जी अट आहे, ती मात्र या तासांना लावू नये. नव्याने कामावर लागलेल्यांच्या बाळांनाही लस त्याच तारखेला द्यावी लागते.