मोटार साहेबांची, हिशेब कोणाचा?

पुण्याजवळ मर्सिडीझ मोटारींची जुळणी १९९५ साली टेल्कोच्या सहकार्याने सुरू झाली. तोपर्यंत साहेबांची मोटार म्हणजे पांढरी अँबॅसडर, आणि साहेब फारच बडे असले तर कॉन्टेसा. पुढे २००९ साली या जर्मन कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. आज पुणे-नाशिक रस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला या मोटारीचे दर्शन दुर्मीळ राहिलेले नाही. तिच्याकडे पाहून मनात येणारा हेवा क्षणभर बाजूला ठेवावा आणि एक साधा प्रश्न विचारावा: ही मोटार जे देते, ते तिच्या किमतीच्या मानाने रास्त आहे काय? आणि ती किंमत नेमकी कोण मोजतो?

प्रथम गुणांविषयी. ते नाकारण्यात अर्थ नाही. या कंपनीची ई-क्लास मोटार २०१७ पासून भारतात लांब बांधणीची मिळते. तिच्या नव्या आवृत्तीत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३ मीटर ९ सेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या बांधणीपेक्षा सुमारे १३ सेंटिमीटरने अधिक आहे. ही वाढीव जागा मागच्या आसनाच्या वाट्याला येते, कारण आपल्याकडे मालक मागे बसतो आणि मोटार दुसराच चालवतो. सुरक्षिततेच्या बाबतीतही महागड्या मोटारींचे समाजावर काही ऋण आहे. जोराने ब्रेक दाबला तरी चाके जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ साली याच कंपनीच्या एस-क्लास मोटारीत आली. आपल्या देशात सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली २०१९ साली. श्रीमंतांनी प्रथम किंमत मोजली म्हणून ती सामान्यांपर्यंत पोचली, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही; मात्र पोचायला चाळीस वर्षे लागली, हेही विसरू नये.

आता किंमत. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी ई-क्लास बाजारात आली, तेव्हा तिच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची दुकानातील किंमत ७८ लाख ५० हजार रुपये होती. त्या वेळी अशा मोठ्या मोटारींवर जीएसटी व उपकर मिळून ४८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. ही कपात पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या पदरात पडली असे धरले, तर किंमत सुमारे ७४ लाखांवर येते. मोटार कंपनीच्या नावावर घेतली, तर महाराष्ट्रात २० टक्के वाहनकर, म्हणजे जवळजवळ १५ लाख. विमा वगैरे धरून हिशेबाच्या सोयीसाठी ९० लाख रुपये म्हणू.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबत नाही. प्राप्तिकराच्या नियमांत मोटारीचा घसारा दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के धरतात. त्या दराने पाच वर्षांनी ९० लाखांचे ४० लाख उरतात. म्हणजे वर्षाला १० लाखांची झीज. शिवाय मोटारीत सरासरी ६५ लाख रुपये अडकून राहतात. तेच बँकेत ७ टक्के व्याजाने ठेवले असते, तर वर्षाला साडेचार लाख मिळाले असते. हातचा सोडलेला लाभ हाही खर्चच, हे आम्ही वर्गात पहिल्या महिन्यातच शिकवतो. वर्षाकाठी १५ हजार किलोमीटर धाव धरली, तर पेट्रोलचा एक थेंब न जाळता दर किलोमीटरला सुमारे ९७ रुपये पडतात. आणि वाहतुकीच्या कोंडीत ही मोटार व तिच्या शेजारची रिक्षा एकाच वेगाने सरकत असतात.

हौसेला मोल नसते, असे कोणी म्हणेल. मान्य. स्वतःच्या खिशातून, कर भरून उरलेल्या पैशातून कोणी ही हौस करीत असेल, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. व्हेब्लेनने १८९९ साली ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्यातला हा प्रकार असेलही. पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. अडचण अशी की, ज्या मोटारी ‘अधिकाऱ्यांच्या’ म्हणून ओळखल्या जातात, त्यांतल्या कित्येकांचे पैसे त्यांत बसणारा देत नाही. ते कंपनी देते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याला मिठाई महाग की स्वस्त हा प्रश्न पडतच नाही. उपभोग घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा अशी फारकत झाली, की किमतीचा अंकुश सुटतो. कंपनीचा पैसा म्हणजे अखेर भागधारकांचा पैसा. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा काही भाग २०१५ पासून शेअर बाजारात गुंतविला जातो. म्हणजे बसच्या रांगेत उभा असलेला कारकूनही अप्रत्यक्षपणे त्या हलवायांपैकी एक असू शकतो.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. या एका मोटारीतून सरकारला जीएसटी व वाहनकर मिळून सुमारे ३६ लाख रुपये मिळतात, आणि भरलेल्या जीएसटीची वजावट कंपनीला सहसा मिळत नाही. घसारा खर्चात दाखवून कंपनीचा जो प्राप्तिकर वाचतो, तो सुमारे २५ टक्के दराने पाच वर्षांत साडेबारा लाखांच्या घरात जातो. तेव्हा सरकारी तिजोरी लुटली जाते, असा आरडाओरडा करण्यात तथ्य नाही. अन्याय आहे तो अन्यत्र.

कंपनीची मोटार अधिकारी घरच्या कामालाही वापरतो. हा लाभ म्हणजे त्याचे उत्पन्नच. त्याचे मूल्य ठरविण्याचा नियम २००९ साली झाला. कंपनीच्या खर्चाने चालणारी मोटार कचेरीच्या व खासगी अशा दोन्ही कामांसाठी वापरली आणि तिचे इंजिन १.६ लिटरपेक्षा मोठे असले, तर महिन्याला २,४०० रुपये, आणि ड्रायव्हर असल्यास त्याचे आणखी ९०० रुपये उत्पन्नात धरावेत, असे ठरले. पुढे दीड दशक हेच आकडे कायम राहिले. नऊशे रुपये महिन्यावर ड्रायव्हर कोठे मिळतो, हे कोणी विचारले नाही! वर्षाचे होतात ३९,६०० रुपये. ३० टक्क्यांच्या दराने कर सुमारे १२ हजार. आकडे वाढविल्यानेही मूळ दोष जाणार नाही, कारण मोजपट्टीच चुकीची आहे. इंजिनाच्या आकारावरून मूल्य ठरवायचे, तर १५ लाखांची मोटार आणि ८० लाखांची मोटार एकाच पंक्तीला बसते.

ज्या देशातून ही मोटार आली, त्या जर्मनीत काय करतात? तेथे खासगी वापराच्या लाभाची ठोक आकारणी मोटारीच्या छापील किमतीच्या दरमहा १ टक्का अशी करतात. ब्रिटनमध्येही किंमत हाच पाया धरून, धुराच्या प्रमाणानुसार टक्केवारी ठरवितात. जर्मन पद्धत लावली, तर साडेअठ्ठ्याहत्तर लाखांच्या मोटारीपोटी महिन्याला साडेअठ्ठ्याहत्तर हजार रुपये उत्पन्नात धरावे लागतील. कोठे २,४०० आणि कोठे ७८,५००! आपण मोटार आणली, हिशेब मात्र आणला नाही.

शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारपत्रकात महागाई भत्त्याचा रुपयान् रुपया करपात्र ठरतो. भाव वाढल्याची भरपाई म्हणून मिळणारी रक्कमही उत्पन्न मानली जाते, आणि तो कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याविषयी तक्रार नाही. उत्पन्न ते उत्पन्न. पण मग तोच न्याय मागच्या आसनालाही लागू व्हावा. लाभाचे मूल्य मोटारीच्या किमतीवरून ठरू लागले, की तिचा खरा भाव प्रथमच तिच्यात बसणाऱ्याला कळेल. त्यानंतरही साहेबांना ती १३ सेंटिमीटर जागा हवीशी वाटली, तर त्यांनी ती खुशाल घ्यावी.