डीबीएमएस आणि आमचा सातबारा

डीबीएमएसच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'स्टुडंट', 'कोर्स', 'डिपार्टमेंट' अशी तीन टेबलं येतात. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एका जर्नलवरून वीस जर्नलं उतरतात. व्हायव्हात थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या धडाधड म्हटली की सुटलो! (मीही म्हटलीय, खोटं कशाला बोलू?)

मी पडले कॉन्व्हेंटवाली. सातबारा वाचायला आजोबांनी शिकवला, तोही या दिवाळीत निफाडला. मी चाटच पडले. गाव नमुना सातवर मालकी, बारावर पीक, सहावर फेरफार, आठ-अ वर खातेदाराची एकूण जमीन. सातवर नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो, तो धरून सहाचं रजिस्टर बघायचं. ही फॉरेन की नाही तर काय? कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० साली, तलाठ्याचं दप्तर त्याच्याही आधीचं!

पण नाव सातवरही, आठ-अ वरही. एकीकडे दुरुस्त झालं, दुसरीकडे राहिलं तर? "मग बस बाळा हेलपाटे मारत," आजोबा म्हणाले. अपडेट अनॉमली मला तेव्हा कळली. आणि इनहेरिटन्स? जावात 'एक्स्टेंड्स' लिहिलं की झालं, इथे वारसनोंद लागते.

म्हणून सर-मॅडमना विनंती, मिनी प्रोजेक्टला ते लायब्ररी मॅनेजमेंट आता पुरे. लासलगावचा कांदा लिलाव द्या. शेतकरी, व्यापारी, वजन, पट्टी. एका ट्रॉलीत दोघा भावांचा कांदा असेल तर पट्टी कुणाच्या नावे? याचं उत्तर सीनियरच्या जर्नलमध्ये सापडणार नाही. एक दिवस तिथे उभं राहून विचारावं लागेल. बस मी ठरवते, नाश्ता डिपार्टमेंटने द्यावा.