जेजे लालपेखलुआ : अपेक्षाभंगाचा आरोप आणि कारकिर्दीचा खरा हिशेब

जेजे लालपेखलुआ हा मूळचा मिझोराममधील ह्नाथिआलचा आघाडीपटू. 7 जानेवारी 1991 रोजी जन्मलेल्या या खेळाडूच्या व्यावसायिक फुटबॉलची सुरुवात पुण्यात झाली. अशोक पिरामल उद्योगसमूहाने 2007 मध्ये उभ्या केलेल्या पुणे एफसीने त्याला किशोरवयातच हेरले. 2009-10 मध्ये हा क्लब प्रथमच आय-लीगमध्ये खेळला, तेव्हा प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या संघात जेजे होता आणि पुण्याने त्या वर्षी थेट तिसरा क्रमांक मिळवला. पुढच्या हंगामात तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुण खेळाडूंच्या संघात, म्हणजे इंडियन ॲरोजमध्ये गेला. तिथे त्याने आय-लीगमध्ये 13 गोल केले, आणि त्या हंगामात कोणत्याही भारतीयाचे त्याहून जास्त गोल नव्हते. तेव्हा त्याने नुकतीच विशी गाठली होती. मार्च 2011 मध्ये तो राष्ट्रीय संघात आला आणि आल्याआल्या गोल करू लागला. बायचुंग भुतियाची कारकीर्द तेव्हा संपत आली होती. सुनील छेत्रीनंतर कोण, या प्रश्नाला बऱ्याच जणांनी त्याच वेळी जेजेचे नाव उत्तर म्हणून देऊन टाकले.

आज भारतीय फुटबॉलप्रेमींत जेजेचा विषय निघाला की निकाल बहुतेक ठरलेला असतो. मुलगा गुणी होता, पण वाया गेला. या मताच्या बाजूने जे सांगितले जाते ते थोडक्यात असे : इंडियन सुपर लीगच्या 2017-18 हंगामात नऊ गोल करणारा खेळाडू पुढच्याच हंगामात एका गोलावर अडकला. समोर मोकळी जाळी असताना त्याने संधी दवडल्या आणि त्याचा चेन्नईयिन संघ तळाला गेला. मग गुडघ्याची दुखापत झाली, एससी ईस्ट बंगालकडून एक निस्तेज हंगाम गेला आणि तिशीतच सगळे आटोपले. छेत्री मात्र चाळिशीपर्यंत खेळत राहिला आणि देशासाठी त्याचे नव्वदहून अधिक गोल झाले. जेजेचे गोल 23. त्यातही बरेचसे दुबळ्या शेजाऱ्यांविरुद्ध. यावरून निष्कर्ष काढला जातो की त्याच्यात दम कमी होता, शिस्त कमी होती किंवा त्याची मुळात गरजेपेक्षा जास्त स्तुती झाली होती.

यातले आकडे खरे आहेत. 2018-19 चा हंगाम वाईट होता, हेही नाकारता येणार नाही. त्या वर्षी तो पेनल्टी क्षेत्रात चेंडूसमोर घोटाळत होता आणि प्रशिक्षक जॉन ग्रेगरी यांनी पुन्हा पुन्हा संधी देऊनही त्याला लय सापडली नाही. चूक आहे ती या आकड्यांतून काढलेल्या निष्कर्षात. एक वाईट हंगाम आणि एक दुखापत एवढ्यावरून मागच्या आठ वर्षांचे मोल ठरवण्याची ही पद्धत आहे.

आधी घसरणीचा कालक्रम पाहू. चेन्नईयिनसाठी जेजेने इंडियन सुपर लीगच्या पाच हंगामांत अनुक्रमे 4, 6, 3, 9 आणि 1 असे 23 गोल केले. सावकाश उतरत जाणाऱ्या कारकिर्दीचा आलेख असा दिसत नाही. चौथे वर्ष सर्वांत चांगले आहे आणि पाचव्यात एकदम घसरण आहे. पण त्याच पाचव्या हंगामाच्या मधोमध आशियाई चषक झाला. 6 जानेवारी 2019 रोजी अबुधाबीत भारताने थायलंडला 4-1 असे हरवले. जेजे बदली खेळाडू म्हणून उशिरा मैदानात उतरला आणि काही क्षणांतच, 80व्या मिनिटाला, त्याने चौथा गोल केला. दुसऱ्या दिवशी तो 28 वर्षांचा झाला. आशियाई चषकात भारताला विजय मिळण्यासाठी 1964 नंतर त्या दिवसापर्यंत थांबावे लागले होते. दम संपलेला, मन उडालेला खेळाडू असा गोल करत नाही. क्लबमध्ये त्या वर्षी जे बिघडले त्याचा भार पूर्ण संघावर होता. आदल्या वर्षीचा विजेता चेन्नईयिन त्या हंगामात दहा संघांत शेवटचा आला, हा काही एका आघाडीपटूचा पराक्रम असू शकत नाही.

त्यानंतर काही महिन्यांत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 2019-20 चा संपूर्ण हंगाम गेला. ही दुखापत दोषारोपात एका वाक्यात उरकली जाते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. जेजे कधीच फार वेगवान नव्हता. बचावपटूच्या पाठीमागून पळत सुटणे ही त्याची पद्धत नव्हती. त्याचा गोल असा व्हायचा : चेंडू अजून बाजूच्या रेषेजवळ असताना तो बचावपटूला पाठ देऊन उभा राहायचा, अंग टेकवून त्याला थोपवून धरायचा, आणि चेंडू सुटला की एका पायावर वळून जवळच्या खांबाकडे पाऊल टाकायचा. त्या एका पावलात बचावपटू मागे पडायचा. या खेळाचे सगळे वजन वळणाऱ्या गुडघ्यावर येते. ज्याचे भांडवल वेग आहे तो वेग घटल्यावर मधल्या फळीत सरकून खेळू शकतो, पण ज्याचे भांडवल पेनल्टी क्षेत्रातले वळणे आहे त्याला सरकायला दुसरी जागा नसते. म्हणून पुनरागमनातले अपयश हे आळसाचे लक्षण ठरवणे अन्यायाचे आहे.

दुखापतीच्या आधीची तीन वर्षेही विसरता कामा नयेत. 2014-15 पासून 2016-17 पर्यंत इंडियन सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर अशी असे आणि आय-लीग त्यानंतर जानेवारीत सुरू होई. जेजे वर्षातले काही महिने चेन्नईयिनकडून आणि उरलेले मोहन बागानकडून खेळत होता, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत राष्ट्रीय संघाकडून. एका वर्षात दोन क्लब, दोन प्रशिक्षक, दोन शहरे, विश्रांती जवळजवळ नाही. या ओढाताणीचा गुडघ्याशी थेट संबंध सिद्ध करता येणार नाही. पण कारकीर्द लहान का राहिली असे विचारणाऱ्याने हे वेळापत्रक आधी डोळ्यांसमोर ठेवावे. या तीन वर्षांत त्याने मोहन बागानबरोबर 2014-15 ची आय-लीग आणि 2015-16 चा फेडरेशन चषक जिंकला. त्या चषकाच्या अंतिम सामन्यात ऐजॉलवर 5-0 असा विजय मिळाला, त्यातले दोन गोल जेजेचे होते. चेन्नईयिनबरोबर 2015 आणि 2018 अशी दोन विजेतेपदे आली.

दुबळ्या शेजाऱ्यांविरुद्धचे गोल, हा आक्षेप अर्धा खरा आहे. भारताचे सामनेच बहुधा अशा संघांशी होत होते आणि छेत्रीसह प्रत्येक भारतीय आघाडीपटूच्या खात्यात ते गोल आहेत. प्रश्न असा विचारायला हवा की सामना अवघड झाला तेव्हा तो कुठे होता. 3 जानेवारी 2016 रोजी तिरुवनंतपुरमला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आधीचा विजेता अफगाणिस्तान 70व्या मिनिटाला पुढे गेला; दोनच मिनिटांत बरोबरी साधणारा गोल जेजेचा होता आणि जादा वेळेत छेत्रीने सामना जिंकून दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या पोर्टो रिकोवर भारताने 4-1 असा विजय मिळवला, त्यातही जेजेचा गोल आहे. मार्च 2018 मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध परतीच्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि चेन्नईयिनला अंतिम फेरीत नेले.

आणि एक गोल पुण्याचाही आहे. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईत महापूर आला आणि चेन्नईयिनचा उपांत्य फेरीचा घरचा सामना बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात हलवावा लागला. 12 डिसेंबरला ॲटलेटिको दि कोलकाता समोर होता, गतविजेता. चेन्नईयिनने 3-0 असा विजय मिळवला आणि दुसरा गोल जेजेने केला. ज्या शहरात त्याने व्यावसायिक खेळाचे पहिले धडे घेतले तिथे तो आता दुसऱ्या शहराच्या संघाचा मुख्य भारतीय आघाडीपटू म्हणून उभा होता. त्या हंगामाचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू तोच ठरला. पुढे 2016 साठी महासंघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम भारतीय खेळाडू म्हणून निवडले.

सर्वांत मोठा आक्षेप छेत्रीशी तुलनेचा. ही तुलनाच चुकीच्या पायावर उभी आहे. छेत्री हा अपवाद आहे. शंभर वर्षांच्या भारतीय फुटबॉलमध्ये त्याच्याइतके गोल दुसऱ्या कोणाला जमले नाहीत. अपवादाला मापदंड मानले तर प्रत्येक आघाडीपटू अपयशी ठरेल. जेजेने 56 आंतरराष्ट्रीय सामन्यांत 23 गोल केले, म्हणजे पाच सामन्यांमागे सरासरी दोन. त्याच्या काळात छेत्री सोडला तर एकही भारतीय या आकड्याजवळ पोचला नाही. याचे कारणही लीगच्या रचनेत सापडते. 2014 ते 2016 या काळात इंडियन सुपर लीगच्या अकरा खेळाडूंत सहा परदेशी चालत आणि त्यांतले निदान एक-दोन हमखास आघाडीवर असत. भारतीय आघाडीपटू बाजूला ढकलला जाई किंवा बाकावर बसे. चेन्नईयिनकडे 2014 मध्ये एलानो आणि 2015 मध्ये मेंडोझा असे सर्वाधिक गोल करणारे परदेशी असतानाही जेजेने मधली जागा सोडली नाही. त्या दशकातल्या फार थोड्या भारतीयांना हे जमले.

बाहेरच्या खेळाडूंना लावलेले माप याहून उदार असते, हे पुण्याने स्वतः पाहिले आहे. 2014 मध्ये एफसी पुणे सिटीने डेव्हिड त्रेझेगेला आणले, 2015 मध्ये एड्रियन मुटूला. दोघांचीही ती उतरती वर्षे होती. त्रेझेगेला पाहताना लोकांना 2000 च्या युरो अंतिम सामन्यातला त्याचा निर्णायक गोल आठवला. पुण्यातले त्याचे मोजके गोल पाहून कोणी त्याला वाया गेलेला म्हटले नाही. इंग्लंडच्या मायकेल ओवेननेही देशासाठी शेवटचा सामना 28व्या वर्षीच खेळला. मांडीच्या स्नायूची दुखापत त्याच्या मागे एकोणिसाव्या वर्षापासून लागली होती. तरी देशासाठीचे त्याचे 40 गोल आणि 2001 चा युरोपातला सर्वोच्च सन्मान कोणी पुसून टाकत नाही. उतारावरच्या परदेशी खेळाडूला त्याच्या शिखरावरून ओळखायचे आणि आपल्या खेळाडूला शेवटच्या हंगामावरून, हा दुजाभाव सोडायला हवा.

डिसेंबर 2023 मध्ये जेजे झोराम पीपल्स मूव्हमेंटच्या उमेदवारीवर दक्षिण तुईपुई मतदारसंघातून मिझोराम विधानसभेत निवडून आला. त्याने तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांना 135 मतांनी हरवले. खेळात मन नव्हते याचा हा पुरावा म्हणून काही जण सांगतात. मैदान सुटल्यानंतरच्या आयुष्यावरून मैदानातल्या वर्षांचा न्याय करता येत नाही, एवढे त्यावर पुरे.

राहता राहिली ती वाया गेलेल्या गुणवत्तेची भाषा. विसाव्या वर्षी 13 गोल करणाऱ्या मुलाबद्दल भावी छेत्री असे भाकीत इतरांनी केले होते. ते खोटे ठरले याची जबाबदारी भाकीत करणाऱ्यांची आहे. पुण्यात तर हा हिशेब ठेवणाऱ्या संस्थाही राहिल्या नाहीत : 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी, ज्या संघात जेजे तेव्हा परतला होता, 2015 मध्ये बंद झाला, आणि एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादकडे गेली. हे दोन्ही क्लब गमावलेल्या शहराने आपल्या मैदानावर घडलेल्या खेळाडूची नोंद तरी नीट ठेवावी. 2011 ते 2019 या काळात भारताकडे सुनील छेत्रीनंतरचा सर्वांत भरवशाचा आघाडीपटू जेजे लालपेखलुआ होता.