वह्या तपासताना वर्ग कोणाकडे?



आपली शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक सांगितले आहेत. त्याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, त्यात पाठाची तयारीही येते. (हे बाईंनी सांगितलं.) तेव्हा "गुरुजी नुसते खुर्चीत बसलेत" असं पारावर कुणी म्हणू नये. वही चार दिवस तपासली नाही तर हातच्याची चूक तशीच गिरवली जाते.

पण तेवढा वेळ वर्ग कोणी सांभाळायचा? इंग्लंडमध्ये २००५ पासून शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेतला दहावा हिस्सा या कामाला मोकळा मिळतो. तेवढ्यात दुसरं मोठं माणूस वर्गावर येतं. आपल्याकडे येतो वर्गनायक! तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. झालं शिकणं! चौथीची मुलं पहिलीकडून अक्षरं छान गिरवून घेतात, नाही असं नाही. पण रोज तेच केलं तर त्यांची स्वतःची गणितं कोण सोडवणार?

माझं मत असं, की आठवड्यातून एक तास पालकांनी यावं. आजीनं गोष्ट सांगावी, सुतारकाकांनी लाकूड मापायला शिकवावं, कुणी बियाणं ओळखायला. शिकलेलंच माणूस पाहिजे असं थोडंच आहे? बाई-गुरुजी तिथेच व्हरांड्यात वह्या घेऊन बसतील. शनिवारी शाळा सकाळची असते, शेतावर जायच्या आधी कुणाकुणाला जमेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, इ. ४ थी