पद पुत्राचे, कारभार उमाबाईंचा

प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात ६१ कॅव्हलरीचे घोडेस्वार दिसले की पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर खिळते. आजच्या काळात हे घोडदळ मुख्यतः मानाचे आहे. लढणारे घोडदळ केव्हाच घोड्यावरून उतरून रणगाड्यात बसले, आणि त्याचे शिक्षण आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरच्या केंद्रात दिले जाते. डौल कायम आणि सत्ता अन्यत्र, अशी अवस्था मराठेशाहीत एकदा खुद्द सेनापतिपदाला आली होती. नेमक्या त्याच काळात ते पद एका विधवेने चालविले. तिचे नाव उमाबाई दाभाडे.

उमाबाई नाशिककडील अभोण्याच्या ठोके देशमुखांची कन्या. शिर्डीहून सप्तशृंगगडावर जाणाऱ्यांना तिचे नाव परके नसावे. देवीच्या मंदिराकडे नेणाऱ्या पायऱ्या तिनेच बांधविल्या असे सांगतात. पती खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. तळेगावच्या या घराण्याचे कार्यक्षेत्र होते गुजरात, म्हणजे चौथाई आणि सरदेशमुखीचे भरघोस उत्पन्न. १७२९ मध्ये खंडेराव वारले आणि पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले. गुजरातच्या याच उत्पन्नावरून पेशव्यांशी वितुष्ट आले, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना त्र्यंबकराव मारले गेले.

मुलगा गेला, तोही स्वराज्याच्याच फौजेशी लढताना. शाहू महाराजांनी मध्यस्थी केली आणि सेनापतिपदाची वस्त्रे धाकट्या यशवंतरावांना मिळाली. उमाबाईंना पहिल्या स्त्री सेनापती म्हणण्याचा प्रघात आहे. कागदोपत्री पद पुत्राचे होते, हे खरे. परंतु फौजेची जमवाजमव, सरदारांना आज्ञा, वसुलीचा हिशेब हे सारे आईच्या हाती होते. ज्याच्या सहीने काम चालते तोच अधिकारी, असे मानले तर हा प्रघात चुकीचा म्हणता येणार नाही.

१७३२ मध्ये दाभाड्यांचे गुजरातमधील सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोर येथे दग्याने खून झाला. खून करविणारा होता मोगल सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंह. उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. शहर पडले नाही. पण चौथाई-सरदेशमुखी मान्य करून वर ८०,००० रुपये देण्याचे सुभेदाराने कबूल केले. याच शहरावर १७२५ मध्ये लुटीचे संकट आले असता नगरशेठ खुशालचंद झवेरी यांनी पदरची रक्कम भरून ते टाळले होते. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी त्यांना मालावर शेकडा चार आण्यांचा हक्क लावून दिला. फौजा येत आणि जात; त्यांचा खर्च अखेर पेढ्यांच्या वह्यांत चढे, हेही त्या पराक्रमाच्या कथांसोबत वाचले पाहिजे.

डभईनंतरच्या तडजोडीत गुजरातचे अर्धे उत्पन्न दाभाड्यांनी सरकारात भरावे असे ठरले होते. भरणा मात्र झाला नाही. शाहू महाराज होते तोवर कोणी फार ताणून धरले नाही. १७४९ मध्ये ते गेले, आणि तिजोरी रिकामी असलेल्या नानासाहेब पेशव्यांनी थकबाकीसह निम्म्या वाट्याची मागणी केली. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीस स्वतः पेशव्यांना भेटल्या. आमच्याकडून हा करार दबावाखाली करून घेतला आहे, सबब तो आमच्यावर बंधनकारक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जबरदस्तीने मिळविलेल्या संमतीचा करार त्या पक्षाला रद्द करता येतो, हे तत्त्व भारतीय करार कायद्यात १८७२ साली आले. उमाबाईंचा मुद्दा कायद्याने भक्कम होता. मात्र पेशव्यांनी तो मानला नाही. वीस वर्षांची बाकी मागणाऱ्याचीही एक बाजू असते, हेही नाकारता येत नाही.

मग उमाबाईंनी साताऱ्यात पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या महाराणी ताराबाईंचा पक्ष धरला आणि पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड यांना १५,००० फौजेनिशी धाडले. आरंभीच्या यशानंतर १७५१ च्या उन्हाळ्यात दमाजी पेशव्यांच्या हाती सापडले. पाठोपाठ दाभाडे कुटुंबही कैदेत पडले. पुण्यात आणि नंतर लोहगडावर त्यांना ठेवण्यात आले. जहागीर गेली, सेनापतिपदही गेले.

१७५२ मध्ये दमाजींनी स्वतंत्र बोलणी केली. दाभाड्यांची बाजू सोडायची, गुजरातचे अर्धे उत्पन्न वाटून घ्यायचे, दरसाल ५,२५,००० रुपये पेशव्यांना द्यायचे, अशा अटींवर त्यांची सुटका झाली. धन्याने जो वाटा नाकारला, तो सरदाराने स्वीकारला आणि गुजरातचा कारभार गायकवाडांकडे आला. त्यांचे बडोदे संस्थान पुढे १९४९ पर्यंत टिकले. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या मंदिराजवळ आहे.