सुरी लागण्याआधी

सोलापुरात ऑपरेशनला नुसते सोलापूरकरच येत नाहीत. धाराशिव, लातूर, पलीकडून विजयपूर, कलबुर्गी, सगळीकडचे रुग्ण इथल्या दवाखान्यांत असतात. डिस्चार्जच्या दिवशी मागणी मात्र एकच: ‘डॉक्टर, गोळ्या जरा पावरच्या लिहा की, टाके पिकायला नकोत.’ डॉक्टरही लिहितात. पाच दिवस, कधी सात. साध्या, स्वच्छ ऑपरेशननंतरच्या या अँटिबायोटिकचा टाक्यांना फारसा उपयोग नसतो. समाधान होतं ते नातेवाइकांचं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचंही.

जखमेत जंतू शिरतात ते सुरी चालते तेव्हा, आणि बरेचदा रुग्णाच्याच कातडीवरचे. त्या घडीला औषध मांसात भिनलेलं हवं. जॉन बर्क या सर्जनने 1961 मध्ये गिनीपिगवर हे दाखवून दिलं: जंतू टोचून तीन तास उलटले की औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. माणसांतला मोठा पुरावा 1992 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतून आला. 2,847 रुग्णांपैकी ज्यांना सुरीआधीच्या दोन तासांत डोस मिळाला, त्यांच्यापैकी 0.6 टक्के जणांची जखम चिघळली. ज्यांना सुरी लागल्यावर तीन तासांहून उशिरा मिळाला, त्यांच्यापैकी 3.3 टक्के जणांची. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्टच सांगितलं की डोस सुरीआधी दोन तासांच्या आत द्या आणि ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून तो चालू ठेवू नका. सिझरलाही हेच लागू. पूर्वी औषध बाळापर्यंत पोचू नये म्हणून नाळ कापेपर्यंत थांबत.

पू होण्याची भीती खोटी नाही, हे या गावाने तरी विसरू नये. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथून यांचं. हे कॅनडाचे सर्जन ऑपरेशन करताना बोट कापून घेऊन बसले आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनून नोव्हेंबर 1939 मध्ये गेले. कोटणीस 1942 च्या डिसेंबरात वारले, तेव्हा पेनिसिलिन जेमतेम प्रयोगशाळेबाहेर पडत होतं.

आज औषध मेडिकलच्या फळीवर आहे, म्हणून ते शिस्तीच्या जागी वापरलं जातं. ओटीची स्वच्छता, हात धुणं, वस्तऱ्याने केस न काढणं यांतली कसर सात दिवसांच्या गोळ्यांनी भरून निघत नाही. उलट जुलाब होतात, खर्च वाढतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. डॉक्टरांची अडचणही मला कळते. टाके पिकले तर नातेवाईक आधी विचारणार, ‘गोळ्या का नाही दिल्या?’ सुरीआधीचं इंजेक्शन किती वाजता दिलं, हे कुणीच विचारत नाही.

फुटलेलं अपेंडिक्स किंवा आधीच पू झालेली जखम यांची गोष्ट वेगळी. तिथे कोर्स हा उपचार असतो, तो मनाने बंद करायचा नाही. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा विचारा: ‘अँटिबायोटिक लागणार आहे का? कधी देणार?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या सुरक्षा-यादीत सुरी लावण्याआधी सर्जनच्या चमूने मोठ्याने विचारायचा हाच एक प्रश्न आहे: गेल्या 60 मिनिटांत डोस दिला का?